आतून शिवलेला काठ

त्या रविवारी पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनमध्ये, उजाडले ते नेहमीसारखेच. ऊन आधी पाण्याच्या उंच टाकीच्या कठड्यावर आले, तिथे थोडे रेंगाळले, आणि मग एकाच साच्यातून काढल्यासारख्या क्वार्टरांच्या रांगेवर पायरीपायरीने उतरू लागले. १९६० चा नोव्हेंबर अर्धा सरत आला होता. खोदकामांची तांबूस धूळ अजून हवेतच होती, आणि तिच्यातून गाळून आलेले ऊन पांढरे न राहता कोशाच्या न रंगवलेल्या रेशमाच्या रंगाचे झाले होते — किंचित पिवळे, किंचित मातकट, हातात घेऊन पाहावेसे. दारादारांपुढे पेटवून ठेवलेल्या शेगड्यांचा धूर त्या उन्हात शिरताना निळा होई आणि पलीकडे निघताना नाहीसा होई. विटांच्या जाळीत लावलेली गुलमोहराची रोपे गुडघ्याएवढीच होती. त्यांची सावली अजून कुणाच्या उपयोगाची नव्हती. रात्रपाळीची माणसे सायकली हातात धरून, झोपेत चालल्यासारखी परतत होती. ऊन त्यांच्या पाठींवरून सरकले, एका बादलीच्या कडीवर क्षणभर चमकले, कुंपणाच्या तारेवर चढले, आणि तिथे वाळत घातलेल्या हातभर कापडातून आरपार गेले.

पायरीवर बसलेला केवलराम त्या कापडातल्या उजेडाकडे बघत होता. तो कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होता. रशियाहून आलेल्या नक्ष्यांवर खळ दिलेले निळसर कापड ताणून बसवायचे आणि खालची रेघ वर शाईने गिरवायची, हे त्याचे काम. तीन वर्षांत त्याने भट्टीचे हाडन् हाड रेखाटले होते. प्रत्यक्ष भट्टी मात्र दुरूनच पाहिली होती. चोवीस वर्षांचे त्याचे सगळे जगणेच तसे होते — दुसऱ्याच्या रेघेवरून, हात न थरथरता, आणि दुरून.

चुकलेले तुकडे ऑफिसात टाकून देत. ते गरम पाण्यात भिजवले की खळ निघून जाई, शाईही निघून जाई, आणि हाती मऊ, बारीक सुताचे कापड उरे. त्याचे रुमाल छान होत. केवलराम त्याच रुमालाचा विचार करत होता. आणि मान वर केली तर कुंपणापलीकडे कुणीतरी उभे होते.

एक मुलगी. पाण्याची रिकामी कळशी कमरेवर, आणि मोकळ्या हाताच्या अंगठ्या-तर्जनीत कापडाचे टोक. ती ते हळूहळू चोळत होती — डोळे मिटून, अगदी कानांनी ऐकल्यासारखे.  अशी चिमूट केवलरामने आपल्या गावी, पवनीला, विणकरांच्या कोष्टीपुऱ्यात पाहिली होती. त्याच्या आईची, मामाची. सूत पारखणाऱ्या माणसाची चिमूट.

"हे कापड इकाले हाय का जी?" तिने डोळे उघडून विचारले.

"नाही... म्हणजे... ते कापड नाही. ड्रॉइंग आहे ते."

तिने तुकडा उलटला, पालटला, उन्हात धरला. "कुठं हाय ड्रॉइंग?"

"धुऊन टाकलं."

"म्हंजे नक्षा धुतला आन् कापड ठेवलं!" ती हसली. "तरीच म्हनतात का कारखाना वेळेवर होऊन नाही राहिला."

त्याला हसू आले, पण ते ओठांपर्यंत पोहोचेतो वेळ निघून गेली होती. समोरच्या क्वार्टरातून हाक आली — "वो भागीरथा! पानी आनाले गेली आन् तिथं कावून उभी राहून राहिली वो?"

त्या सिंधुताई; त्यांचे यजमान कारखान्याच्या कोक ओव्हन विभागात कामाला होते. "मावशी होय माझी," मुलगी म्हणाली. "मी चरोद्याची. रेल्वेच्या शाळेत शिकवते. दर रविवारी येते इथं." मग जाता जाता मागे वळून, "सूत लय बारीक हाय. आजी माझी पासोड्या विणे — जाड्याभरड्या. पन बोट तिचं बारीक होतं."

ती गेली. कापडाचे ते टोक वाऱ्यावर बराच वेळ हलत राहिले. केवलरामने त्या कापडाचा रुमाल कधीच शिवला नाही.

*

पुढच्या रविवारी ती आली ती वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी छातीशी धरून. पाठोपाठ सिंधुताई तांदळाचे सूप घेऊन आल्या आणि केवलरामच्या व्हरांड्यातच बसल्या. "मी काही पाहत नाही," त्यांनी आल्या आल्या सांगून टाकले, "मी खडे काढून राहिली."

भागीरथाने पुडके सोडले. आत एक जुने लुगडे होते. मूळचे निळे, आता राखेच्या रंगाचे. घडी उलगडताच त्याची कड हातात भुकटी होऊन आली. आणि त्या मरून गेलेल्या सुताच्या आतल्या बाजूला, निऱ्यांच्या जागी, चार बोटे रुंदीची एक पट्टी शिवलेली होती — कोशाची, गर्द डाळिंबी, करवतीसारख्या दातांची. तिच्यावर ऊन पडले आणि ती जागी झाली. भोवतालचे कापड विटले, विरले. पट्टी मात्र काल मागावरून उतरल्यासारखी.

केवलराम खाली वाकला. शब्द विसरून त्याची बोटे पुढे झाली. "करवती काठ... तीन धोट्यांचा. हा या लुगड्याचा नाही. याच्याहून जुना आहे; कुठल्यातरी शेल्यावरून कापून काढलेला. पूर्वी असंच करत — सुती वस्त्र झिजलं की रेशमी काठ उतरवायचा आणि नव्याला लावायचा. एकेका काठानं तीन-तीन, चार-चार वस्त्रं पाहिलेली असत..." तो थांबला. इतके लांब तो अनेक महिन्यांत बोलला नव्हता.

"तुमी पुस्तकासारखं बोलता जी," ती म्हणाली. "घरी पन असेच बोलता?"

त्याचे कान तापले. घरी तो असा बोलत नसे. ऑफिसातली, साहेबांपुढची भाषा तो तिच्यापुढे आडोशासारखी धरत होता. काहीतरी बोलायचे म्हणून तो म्हणाला, "पण हा चुकून आतून शिवला आहे कुणीतरी. काठ बाहेर हवा. इतकी सुंदर वस्तू, आणि माहीत नसलेल्या माणसाच्या हाती पडली..."

सुपातले तांदूळ हलायचे थांबले. 

"चुकून नाही जी," भागीरथा म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणूनच त्याला तो अधिक लागला. "माझ्या आजीच्या लग्नातलं होय हे. गिरजाबाई नाव तिचं. तिच्या बापानं एका कोष्ट्याकडं वर्षभर सूत उकललं, त्याची मजुरी म्हनून हा काठ भेटला. पन आमच्या वस्तीतल्या नवरीनं रेशीम नेसून गावातून जायचं नसे. मंग तिच्या मायनं तो आतून शिवला. वरून जाडं निळं लुगडं, आन् आत अंगाले रेशीम. सारं गाव पाहून राहिलं, आन् कोनाले दिसलं नाही." तिने पट्टीवरून बोट फिरवले. "आजी म्हने, चालताना मले एकटीलेच मालूम होतं का मी कोन होय."

केवलरामने काठावरची बोटे मागे घेतली. "मला... क्षमा करा. मला ठाऊक नव्हतं."

"तुमाले कसं ठाऊक राहीन?" ती म्हणाली, आणि मग, जणू त्याची कीव येऊन, हसली. "मागच्या साली गेली ते. जाताना म्हनली, माझा आतून गेला, तुझा बाहेरून असू दे. आता आमी बौद्ध. आमच्यात नवरीले पांढरं लुगडं. त्या पांढऱ्याले हाच काठ पायजे मले, पन नवा विणलेला. हा हात लावला त तुटते. याचा नक्षा काढून द्यान का?"

"लग्नासाठी?"

"हो. लग्नासाठी."

कुणाच्या, हे त्याने विचारायला हवे होते. प्रश्न जिभेवर आला, तिथे बसला, आणि तसाच परत गेला. लग्नासाठी म्हणजे लग्न ठरलेले असणार, त्याने मनाशी म्हटले. आणि त्यात आपल्याला वाईट वाटण्याजोगे काय आहे, हे त्याला मुळीच कळेना.

"काढून देतो," तो म्हणाला. "माझे मामा आहेत पवनीला, टिकाराम. असा काठ विणणारे आता तेच राहिलेत. त्यांना लिहितो मी."

पट्टी दोन्ही बाजूंनी निरखताना त्याला एक गोष्ट आठवली, आणि ती सांगताना त्याचा आवाज खाली आला. "या काठात अंगाचं सूत आणि काठाचं सूत एकमेकांत अडकवून विणतात. म्हणून तो दोन्ही अंगांनी सारखाच दिसतो. याला उलटी बाजू नसतेच."

तिने त्याच्याकडे पाहिले — पहिल्यांदाच, सरळ. "नसतेच?"

"नसतेच."

"खडे संपले माझे," सिंधुताईंनी जाहीर केले. पण त्या उठल्या नाहीत.

*

मग रविवार येत राहिले. केवलराम टेबल व्हरांड्यात ओढून ठेवी, कारण तिथे उजेड चांगला असे. निदान कारण तेच सांगे. चौकड्यांच्या कागदावर एकेक चौकडी म्हणजे एकेक धागा. दात कसा चढतो, किती धाग्यांनी रुंदावतो, कुठे उतरतो. तो भिंग लावून मोजी, आणि ती समोर बसून तोंडी आकडे मांडी. शाळामास्तरीण असल्याने तिचा हिशेब कधी चुकत नसे, त्याचा मात्र ती जवळ वाकली की हटकून चुके.

"बावीस."

"तेवीस होय जी. तुमच्या भट्टीचे नक्षे पन असेच का? मंग उभी कशी राहिली ते?"

"भट्टीच्या वेळी कुणी समोर बसत नाही."

हे वाक्य आपल्याच तोंडून गेले, हे त्याला एका श्वासानंतर उमगले. तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले... "मंग मी तिकडं बसू? मावशीपाशी?"

"नाही... म्हणजे... तिथून दिसणार नाही तुम्हाला."

"मले का दिसाचं हाय? काठ त माझाच होय." ती हसली, आणि उठली मात्र नाही.

कागदावर काम झाले की तो ते ऑफिसच्याच पद्धतीने कापडावर शाईने उतरवून घेणार होता. पण एक दात राहिला होता. सतराव्या दातापाशी पट्टीला खोंबारा लागून चार-दोन धागे गेले होते. तिथली चढण नक्की कशी, हे काही केल्या समजत नव्हते. तो तसे तिला सांगे. स्वतःलाही तसेच सांगे.

"एका दातासाठी इतना टाइम?" डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तिने विचारले.

"एक चुकला की पुढचे सगळे चुकतात."

"मामाचं पत्र आलं?"

"नाही... अजून नाही."

पत्र त्याच्या खिशात होते. मामाने बोरूने, ठसठशीत अक्षरांत लिहिले होते: "चिरंजीव केवलराम यास आशीर्वाद. माघी पुनवेले माग मोडतो. पोरगं दुसरीकडं कामाले लागलं, आता मी एकला धोटा फेकू का झेलू? तीन धोट्यांच्या काठाले दोन मानसं लागतात. नक्षा द्याचा असन त पुनवेच्या आठ दिवस आधी दे, मंग नाही. कोनाच्या घरचा हाय ते लिहू नको, किती हात पायजे ते लिही."

ते पत्र दाखवले असते तर तिने विचारले असते, मग अडले कुठे? आणि सगळेच फक्त त्याच्यापाशी अडले आहे, हे उघड झाले असते. म्हणून त्याने ते पोस्टकार्ड खिशातच राहू दिले. आपण खोटे का बोललो, याचा विचार त्याने संध्याकाळी करायचे ठरवले. संध्याकाळी, कारखान्याच्या बाजूला भट्टीतून ओतलेल्या लोखंडाच्या तापलेल्या मळीच्या उजेडाने आभाळ लालसर झाले, तेव्हा तो नुसताच ते आभाळ पाहत बसला.

तिचे त्याला काही उमजत नव्हते. लग्न ठरलेली मुलगी इतकी कशी हसते? की ठरलेले आहे म्हणूनच हसते? ती त्याच्यासाठी कधी ऊस आणी, कधी हरभऱ्याचे घाटे. एकदा शाईने बरबटलेल्या त्याच्या बोटाला बोट लावून, तोच डाग आपल्या अंगठ्याला उतरवून ती गेली होती — चुकून की मुद्दाम? तो चार दिवस तेवढाच विचार करत राहिला आणि पाचव्या दिवशी जिथून निघाला होता तिथेच पोहोचला.

"चरोद्याले या न एक दिवस," ती म्हणे. "बाबा म्हनत होते. यार्डातून दोन वाजता सुटतात ते. चहा घ्याल आमच्या घरी."

"येईन... कधीतरी."

लग्नघरी आपण कोण म्हणून जायचे? तिथे पाहुणे असतील, याद्या होत असतील, कुणाकुणाचे नाव काढून तिला चिडवत असतील. आणि आपण चहाची बशी हातात धरून बसायचे? तो गेला नाही. तिने तीनदा बोलावले. तिन्ही वेळा तो "येईन" म्हणाला. चौथ्यांदा तिने बोलावले नाही. तिचे ते न बोलावणे त्याच्या ध्यानात आले, पण त्याचा अर्थ त्याला लागला नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती आली नाही. सिंधुताई तिळाचे लाडू घेऊन आल्या.

"खा, केवलबाबू. पोरीचं काही खरं नाही आता. बिलासपूरचे पाहुने येऊन राहिले मनते पुढच्या आठवड्यात. पोरगा रेल्वेत गार्ड होय. क्वार्टर भेटते, पास भेटते..." त्यांनी त्याच्याकडे तिरप्या नजरेने पाहिले. "तुमी का म्हनता?"

"चांगलं आहे," केवलराम म्हणाला.

"चांगलं हाय मनते!" सिंधुताईंनी रिकामी ताटली उचलली. "आंधळ्या सुतारानं खिडकी केली, आन् बसवली भिंतीत." याचा अर्थ काय, हे त्यांनी सांगितले नाही, त्याने विचारले नाही.

*

बावीस जानेवारी. पुन्हा रविवार, पुन्हा तेच ऊन टाकीवरून उतरत आलेले. भागीरथा कुंपणाच्या आत आली, पण व्हरांड्याच्या पायरीखालीच थांबली. तिच्या हातात ऊस नव्हता, घाटे नव्हते.

"आजीचं लुगडं द्या जी."

"पण तो एक दात—"

"राहू द्या. समजलं मले."

"काय समजलं?"

 कुंपणाच्या तारेकडे पाहत ती म्हणाली, "मामाचं पत्र येनार नाही. नक्षा पुरा होनार नाही. आन् तुमी आमच्या घरचा चहा पेनार नाही. दोन महिने मी तुमाले विचारून राहिली, आन् तुमी मले पुस्तकातल्या भाषेत टाळून राहिले. कोष्ट्याच्या मागावर आमच्या घरचा काठ चढवाचा नव्हता, त सरळ सांगाचं. मी रागावली नसती. आजीले सांगनारे निदान तोंडावर त सांगत होते."

केवलरामला आधी अर्थच लागला नाही. शब्द ओळखीचे होते. ते आपल्याविषयी असू शकतात हे मात्र मनाला शिवत नव्हते. मग एकेक रविवार उलटा फिरून त्याच्यासमोर उभा राहिला — प्रत्येक "अजून नाही", प्रत्येक "येईन कधीतरी" — आणि प्रत्येकाला आतून शिवलेली एक दुसरी बाजू होती, ती तिने पाहिली होती, त्याने नाही. स्वतःच्या भित्रेपणाला तो संकोच म्हणत आला होता. तिच्या बाजूने पाहिले तर तो संकोच तीच जुनी वेस झाला होता, जिथे गिरजाबाईला रेशीम झाकून चालावे लागले होते.

"असं नाही," तो म्हणाला. "असं मुळीच नाही."

"मंग कसं हाय?"

 तो आत गेला. लुगडे आणले, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेले. ते हातात देऊन तिला जाऊ देणे सोपे होते. त्याचे पाय दाराच्या चौकटीत क्षणभर थांबलेही. मग तो परत फिरला, टेबलाचा खण ओढला, तळाशी ठेवलेली निळसर कापडाची घडी काढली, आणि ती लुगड्यावर ठेवून दोन्ही तिच्यापुढे धरले.

"हे का होय?"

"नक्षा."

"अर्धा नक्षा घेऊन मी का करू?"

तरी तिने घडी उलगडली. सकाळचे ऊन निळसर कापडातून आरपार गेले आणि त्यावरचे काळे दात उजळून निघाले. पहिला, दुसरा, दहावा... ती मोजत गेली; मोजणे हा तिचा स्वभाव होता. सोळावा. सतरावा. अठरावा. बोट पुढे गेले, परत मागे आले. सतरावा दात जिथल्या तिथे होता, शेवटच्या चौकडीपर्यंत.

मग तिची नजर उजव्या कोपऱ्यात गेली. तिथे एक लहान चौकट होती. ऑफिसात प्रत्येक नक्ष्याला ती काढावीच लागे. ती नसेल तर नक्षा परत येई. केवलरामचा हात इतका सरावला होता की कोपरा दिसला की चौकट आपोआप उमटे. त्याने ती कधी काढली, हे त्याला स्वतःलाही कळले नव्हते.

भागीरथाने वाचले, अगदी वर्गात वाचावे तसे, एकेक शब्द सुटा करून. "काढणार — केवलराम. तपासणार —" तिथे काही नव्हते. "दिनांक — सत्तावीस, अकरा, साठ."

 समोरच्या क्वार्टरात कुणीतरी शेगडी उचलून आत नेली. नक्ष्याच्या घडीत त्याने दडवलेले पोस्टकार्ड निसटून पायरीवर पडले होते. तिने ते उचलले आणि मामाची ठसठशीत अक्षरेही वाचली. 'कोनाच्या घरचा हाय ते लिहू नको' या ओळीवर तिचा अंगठा थांबला.

"हे पन आलं होतं?"

"हो."

"कधी?"

"डिसेंबरात."

"म्हंजे..." तिच्या कपाळावरची आठी सुटेना, पण आता ती रागाची राहिली नव्हती, ती हिशेब जुळत नसल्याची होती. "सत्तावीस नोव्हेंबर. चार डिसेंबर, अकरा, अठरा, पंचवीस..." ती बोटांवर मोजत गेली. "आठ आठवडे होतात जी. आठ आठवडे मी इथं बसून कोनता दात मोजून राहिली होती?"

तो खाली बघत उभा होता. "तुमचं लग्न..."

"माझं लग्न कोनं ठरवलं?"

"तुम्हीच म्हणाला होता. लग्नासाठी. आणि बिलासपूरचे..."

"कधी ना कधी होईनच न लग्न! तवा पायजेन मनून आधीच घेऊन ठेवत होती. कोनाचं, कोनाशी, ते तुमी विचारलं का एकदा तरी?" तिचा आवाज वर गेला आणि मधेच कुठेतरी विरघळला. "आन् बिलासपूरवाल्याईले मीच थांबवून राहिली. बाबाले सांगतलं, आजीचा काठ होत नाही तोपर्यंत मी नाही. मले वाटे, बरं हाय, हा मानूस हळूहळू करून राहिला... मंग वाटलं, हा हळूहळू नाही, हा करूनच नाही राहिला. मंग काही समजेच ना."

"मलाही काही समजत नव्हतं," केवलराम म्हणाला.

 ऊन आता पायरीवर आले होते, दोघांच्या मधोमध. पलीकडे सिंधुताई अंगणात उभ्या राहून एकच हंडा तिसऱ्यांदा घासत होत्या.

भागीरथाने पोस्टकार्ड पुन्हा पाहिले. "पुनवेच्या आठ दिवस आधी. म्हंजे परवा. डाकेनं नाही पोचनार."

"मी जातो. उद्या सकाळच्या गाडीनं भंडारा रोडला, तिथून मोटारीनं पवनी."

"दोन मानसं लागतात म्हनते मामा. तुमाले धोटा झेलता येते?"

"येतो. दहा वर्षांचा होईतो मागाशीच होतो."

"मंग पुनवेपर्यंत तिथंच राहा. सुट्टी मांगून घ्या. आन् किती हात, ते लिहून घ्या — अठरा हात, दोन्ही काठ." तिने दम घेतला. "आन् आज दोन वाजता चरोद्याले या. बाबाले आनंदराव म्हनतात. त्याईले लय प्रश्न विचाराची सवय हाय. एका कपात उठू देनार नाहीत."

"येतो."

"कधीतरी?"

"दोन वाजता."

तिने नक्षा टेबलावर पसरला आणि त्याच्या टाकाकडे हात केला. "हे तपासणाराचं रिकामं हाय. असा नक्षा चालतो का तुमच्याकडं?"

"नाही. परत येतो."

"मंग सही मी करते." तिने टाक शाईत बुडवला, चौकटीवर आणला, आणि तिथेच थांबवला. टोकाशी शाईचा थेंब जमू लागला. "पन मी मास्तरीण होय जी. खोट्या कामावर सही नाही करत. आधी सांगा, तो राहिलेला दात कोनता?"

केवलरामने त्या थेंबाकडे पाहिले. दोन महिने ज्या वाक्याच्या भोवतीने तो चालला होता, ते आता अगदी लहान आणि साधे होऊन समोर पडले होते. उत्तर देताना त्याला पुस्तकातली भाषा सापडली नाही. सापडली ती आईची.

"कोनताच नाही," तो म्हणाला. "तुमी येनं बंद करान मनून म्हनत होतो. नक्षा सत्तावीस तारखेलेच पुरा झाला होता."